बुंदीचं आधीचं आयुष्य : प्रकल्प नोंदी

19 सप्टेंबर 2024

आमची कुत्री बुंदी आता घरात बऱ्यापैकी रुळली आहे. जेवली की आईच्या खाटेखाली शिरते, रात्री दाराशी येऊन झोपते. तिच्या मागच्या आयुष्याचा शोध नीट, लिहून ठेवत घ्यायचा असं ठरवलं आहे. डॉक्टरांनी केसपेपर केला तेव्हा रंग, वजन, लस असं सगळं भरलं आणि पूर्वेतिहासाच्या रकान्यात आडवी रेघ मारली. चारेक वर्षांच्या जिवाची चार वर्षं एका रेघेत संपत नाहीत.

हाताशी आहे ते एवढंच. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदीला पूर आला. 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी 35 फुटांच्या वर गेलं, अर्धं वडोदरा पाण्यात होतं, मगरी सोसायट्यांमध्ये शिरल्या होत्या. माणसांना काढताना काही स्वयंसेवक मुलांनी कुत्रीही काढली. समा, फतेहगंज, मुजमहुडा, कुठकुठली कुत्री एकाच शेडमध्ये आली. कोण कुठलं याची नोंद त्या धावपळीत राहणं शक्यच नव्हतं. त्यातल्या कित्येक मुलांच्या स्वतःच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, तरी ती हे काम करत होती. त्या शेडमधून आम्ही बुंदीला मांजलपूरला घरी आणलं.

वहीचा नियम: अंगावर दिसतं ते वेगळं लिहायचं, वागण्यावरून वाटतं ते वेगळं, आणि लोक सांगतात ते वेगळं. तिन्हींची सरमिसळ करायची नाही.

28 सप्टेंबर

दात. डॉक्टरांनी ओठ वर करून दाखवले आणि मी मोबाइलच्या उजेडात बराच वेळ पाहत राहिले.

कुत्र्याला सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के 42 दात येतात. पुढच्या छोट्या दातांना सुरुवातीला तीन-तीन कंगोरे असतात, ते वयाबरोबर झिजतात. बुंदीचे खालचे कंगोरे जवळजवळ सपाट आहेत, वरचे अजून दिसतात. डोळ्यांची भिंगं स्वच्छ आहेत. सहा-सात वर्षांनंतर त्यांत निळसर धुरकटपणा येऊ लागतो, तो नाही. म्हणून वय तीन ते पाच. दगड, हाडं चावायची सवय असेल तर दात लवकर झिजतात, म्हणून याहून नेमकं सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले.

पण खरी गोष्ट सुळ्यांवर आहे. चारही सुळ्यांवर मधोमध आडवे तपकिरी पट्टे आहेत. तिथलं एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, बसलेलं नाही, नख फिरवलं तर खड्डे लागतात. मला वाटलं कीड असेल. डॉक्टर म्हणाले, "ना बेन, आ तो नानपणनी मांदगी छे," म्हणजे हे लहानपणचं आजारपण. पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असताना पिल्लाला डिस्टेंपर झाला तर एनॅमल तयार करणाऱ्या पेशी मरतात, आणि त्या वेळी जो भाग घडत असेल तो कायमचा असा खडबडीत राहतो. म्हणजे आजार सहा महिन्यांच्या आतला. डिस्टेंपरचा विषाणू माणसाच्या गोवराच्या विषाणूचा भाऊबंद आहे. लस न मिळालेली पिल्लं त्यात मोठ्या संख्येने जातात. ताप, डोळ्यांना चिपडं, न्यूमोनिया, मग झटके. झोपेत बुंदीची डावी मागची मांडी ठरावीक लयीत उडते, ती स्वप्नामुळे उडते असं आम्ही समजत होतो. तीही बहुधा त्याच आजाराची खूण आहे.

दुसऱ्या रकान्यात, वाटतं म्हणून लिहिते: त्या आजारातलं पिल्लू स्वतःचं अन्न शोधू शकत नाही. नाक चोंदलं की वास येत नाही, वास नाही तर खाणं नाही. ती जगली, म्हणजे कुणीतरी तोंडापाशी काहीतरी नेलं असणार. वय चार धरलं तर जन्म 2020चा. लॉकडाउन, सगळ्या लाऱ्या (खाण्याच्या हातगाड्या) बंद, उष्ट्याचे तुकडेही नाहीत. त्यात कोण होतं हिच्याजवळ?

6 ऑक्टोबर

नवरात्र सुरू आहे, गरब्याचे ढोल मध्यरात्रीपर्यंत. बुंदी निवांत. कान हलतात, मान वर होत नाही. नोंदवून ठेवते.

आज कान आणि पोट. डाव्या कानाच्या टोकाला व्हीसारखी खाच आहे, आणि कुशीवर केसांत लपलेला बोटाच्या दोन पेरांएवढा व्रण. नसबंदी झालेली आहे. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे नियम केंद्राने 2001 मध्ये केले, 2023 मध्ये त्यांच्या जागी नवे आले. दोन्हींचा गाभा एकच: पकडायचं, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस द्यायची, कानावर खूण करायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. कानावरची खाच सांगते की ही कुत्री कुठल्यातरी एका जागेची आहे. तिची एक गल्ली होती, आणि ती गल्ली तिला कायद्याने परत दिली होती.

नियमाप्रमाणे कुठून पकडलं याची नोंद ठेवायची असते. ज्यांच्याकडे चौकशी केली त्यांनी रजिस्टर दाखवलं. पानोपान "तपकिरी, मादी" आहे. पुढे जाता येत नाही.

आणि स्तनाग्रं. मोठी, काळपट, लोंबलेली. नसबंदीआधी निदान एक वेत झालं आहे, पिल्लांनी पोटभर दूध प्यायलेलं आहे. हे ऐकल्यावर आई एकदम म्हणाली, "मग हिला शिरा मिळाला असणार."

बडोद्याबाहेर वाढलेल्यांसाठी लिहून ठेवते. इथे पोळात (जुन्या शहरातल्या गल्लीत), सोसायटीत कुत्री व्यायली की मुलं टोपली घेऊन दारोदार जातात. कुणी पीठ देतं, कुणी गूळ, कुणी तूप. एखाद्या घरी मोठ्या कढईत शिरा शिजतो आणि तो बाळंतिणीला घालतात. दांडिया बाजारात आम्हीही लहानपणी हे केलं आहे. गुजराती मुलांबरोबर टोपली धरून उभं राहायचो, आणि आजी तुपाची वाटी भरताना कधी हात आखडता घेत नसे. आईने आज बेदाणे न घालता (बेदाणे, द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात) दोन चमचे शिरा करून बुंदीपुढे ठेवला. तिने ताटली चाटून लख्ख केली. यावरून काही सिद्ध होत नाही, शिरा कुठलंही कुत्रं खाईल. पण आईचा चेहरा फार समाधानी होता, म्हणून लिहिलं.

तिची पिल्लं कुठे आहेत, हा प्रश्न मी आज वहीत लिहिते आहे आणि त्याच्यापुढे जागा कोरी ठेवते आहे.

27 ऑक्टोबर

दिवाळीची साफसफाई. मागचं अंगण धुताना बादलीभर पाणी दाराच्या फटीतून आत आलं, फरशीवर एक बारीक ओहोळ. बुंदी खाटेखालून बाहेर पडली ती थेट ओट्यावर, तिथून खिडकीच्या कट्ट्यावर. धापा, लाळ, बुबुळं मोठी. पाणी पुसून कोरडं झाल्यावरही बराच वेळ उतरली नाही. अंघोळीला एवढी घाबरत नाही, पाऊस पडला तरी नाही. दाराखालून आत येणारं पाणी, तेवढंच.

याचं कारण शोधायला वही लागत नाही. पण यावर वाचताना एक जुनी हकिगत सापडली. 23 सप्टेंबर 1924 रोजी रशियातल्या लेनिनग्राडला मोठा पूर आला होता. कुत्र्यांना सवयी लावून त्यांचा अभ्यास करणाऱ्या पावलोव्ह या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी चढलं आणि माणसांनी त्यांना पाण्यातून पोहवत इमारतीत आणलं. सगळं सुरळीत झाल्यावर दिसलं की काही कुत्र्यांच्या शिकवलेल्या, पक्क्या झालेल्या सवयी पुसल्या गेल्या आहेत. मेहनतीने त्या पुन्हा बसवल्या. मग एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून थोडंसं पाणी सोडून पाहिलं, आणि ते कुत्रं पुन्हा कोलमडलं.

लेनिनग्राडचा पूर आणि आमचा पूर यांत जवळजवळ शंभर वर्षांचं अंतर आहे, आणि दाराखालचं पाणी तेच आहे. त्या कुत्र्यावर मुद्दाम पाणी सोडलं, हे वाचून मला वाईट वाटलं. पण त्यामुळे आज मला एक गोष्ट कळते: हा भित्रेपणा तिच्या स्वभावातला नाही, ती घटनेची आठवण आहे, आणि तिच्याशी सावकाश, खाऊ देत, थेंबाथेंबाने काम करावं लागेल. तोवर अंगण धुताना दाराला फडक्याची गुंडाळी लावायची. घरातल्या सगळ्यांना सांगितलं.

10 नोव्हेंबर

दिवाळीत येणारं प्रत्येक माणूस बुंदीकडे पाहून एकच वाक्य म्हणालं: "बिचारीला कुणीतरी खूप मारलेलं दिसतंय." कारण ती केरसुणी उचलली की मागे सरते आणि टोपी घातलेल्या पुरुषांवर गुरगुरते.

मारलं असेल. रस्त्यावरच्या कुत्र्याला काठी चुकत नाही. पण नुसत्या दचकण्यावरून मारणारा माणूस उभा करणं मला मान्य नाही. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी वर्षानुवर्षं पिल्लांवर काम करून 1965 मध्ये मांडलं की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे पाहतं, हुंगतं, ज्याच्या अंगाखांद्यावर खेळतं, ते त्याला आपलं वाटतं. त्या काळात जे समोर आलंच नाही, ते पुढे परकं आणि म्हणून भीतीदायक. कुणी बोट न लावताही कुत्रं टोपीला, छत्रीला, केरसुणीला घाबरू शकतं. आणि बुंदी नेमक्या त्या कोवळ्या महिन्यांच्या आसपास आजारी होती. दातांवर लिहिलेलं आहे. एखाद्या कोपऱ्यात पडून राहिली असेल तर टोप्या पाहायच्या कुठे?

मला याची चीड येते, म्हणून स्पष्ट लिहिते. कुणीतरी मारलं असं म्हटलं की आपण आपोआप वाचवणारे होतो. तिच्या आधीच्या आयुष्यात फक्त वाईट माणसं होती असं ठरवून टाकलं की त्यातली चांगली माणसं शोधायचं कारणच उरत नाही. तिच्या अंगावर आजवर जे सापडलं आहे, आजारातून जगणं, नसबंदी, लस, ते सगळं कुणाच्या तरी हातांनी झालेलं आहे.

22 डिसेंबर

थंडी पडल्यापासून डावा मागचा पाय उचलून चालते आहे. एक्स-रे काढला.

डॉक्टरांनी तो लाइट बॉक्सवर लावला आणि मला काही विचारावंच लागलं नाही. मांडीच्या हाडाच्या पोकळीतून, खुब्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत, एक पांढरी सरळ रेघ. "सळियो छे," डॉक्टर म्हणाले, आणि मग स्वतःच पुढे वाकून बघत राहिले. स्टीलची पिन. हाड मधे मोडलं होतं; जुळलेल्या जागी जाड गाठ आहे, पण ती गाठ आता गुळगुळीत झाली आहे. निदान वर्ष-दीड वर्षापूर्वीचं काम. पिनचं वरचं टोक जरा तिरकं कापलेलं आहे, ते खुब्याच्या मऊ भागाला लागतं, म्हणून थंडीत दुखतं. सरकत नसेल तर काढायची घाई नाही, दर काही महिन्यांनी पाहायचं. औषध त्यांनी दिलेलंच द्यायचं. माणसांची वेदनाशामक गोळी घरातून उचलून कुत्र्याला द्यायची नाही, त्यातल्या बऱ्याच त्यांना विषारी असतात. (आईचा हात पॅरासिटामॉलकडे गेलाच होता.)

मी हा एक्स-रे घरी आणून खिडकीच्या काचेला लावला आहे.

कुणालाही यातलं काय काय लागतं ते सांगावंसं वाटतं. रस्त्यावरच्या कुत्रीची मांडी मोडली तर सहसा ती तीन पायांवर जगते किंवा जगत नाही. पिन घालायची तर आधी कुणीतरी तिला, वेदनेने चावत असताना, उचलून रिक्षात घालावं लागतं. भूल देणारा आणि हाडाचं काम येणारा डॉक्टर गाठावा लागतो. पैसे भरावे लागतात. आणि मग खरं काम: सहा ते आठ आठवडे तिला पळू द्यायचं नाही, उडी मारू द्यायची नाही. म्हणजे एक बंद जागा, रोजचं खाणं, रोजचा केर, टाके काढायला पुन्हा फेरी. कुणाकडे तरी ती दीड-दोन महिने राहिली आहे.

आणि ते माणूस आज कुठे आहे? पुरात तिला शोधत होतं का? शेडमधून तिला आणताना कातडीखाली ओळखीची चिप आहे का ते तपासलं होतं, नव्हती. पट्टाही नव्हता. पण म्हणून तिचं कुणी नव्हतं असं म्हणता येत नाही. वहीचा हेतू आजपासून बदलला. आता त्या माणसाला शोधायचं.

15 जानेवारी 2025

काल उत्तरायण. गच्चीवर स्पीकर, आरडाओरडा, "काय पो छे", पिपाण्या. बुंदीला खाली ठेवायचं ठरलं होतं, पण दार उघडं राहिलं आणि ती आमच्याआधी जिने चढून गच्चीत. तीन मजले, एकदाही न थबकता, वळणावर आतली बाजू धरून. उतरतानाही तशीच.

रस्त्यावर वाढलेली कुत्री पहिल्यांदा जिन्यापाशी अडतात. उतरणं तर त्यांना फार अवघड जातं. हिला जिने रोजचे आहेत. हे अंगावरचं नाही, पण नुसतं वाटण्याच्याही पलीकडचं आहे.

भाच्याने तिला पावाचा तुकडा टाकला. पोळी, भात, शिरा ती जागच्या जागी खाते. पाव मात्र तोंडात धरून लांब नेते, पाठ करून बसते आणि पुढच्या पंजांत धरून खाते. दरवेळी. फक्त पाव. लिहून ठेवलं.

2 फेब्रुवारी

बुडापेस्टच्या विद्यापीठातल्या गटाने 18 कुत्र्यांना एमआरआयमध्ये निश्चल पडायला शिकवून दोन भाषा ऐकवल्या होत्या, स्पॅनिश आणि हंगेरियन. ओळखीची आणि अनोळखी भाषा ऐकताना त्यांच्या मेंदूतली हालचाल वेगळी दिसली. बुंदी शेजारच्या काकूंच्या गुजरातीला आमच्या मराठीपेक्षा लवकर मान वळवते. पण काकू स्वयंपाकघरातून बोलतात, त्यामुळे याला फार वजन देत नाही.

9 मार्च

नदीकाठच्या वस्त्यांमध्ये गुजरातीत लिहिलेली चिठ्ठी आणि फोटो घेऊन फिरणं चालू आहे: चहाच्या टपऱ्या, वॉचमन, औषधांची दुकानं. बहुतेक जण फोटो पाहून हसतात, अशी कुत्री प्रत्येक गल्लीत आहे. तिच्या शेपटीचं टोक पांढरं आहे, तेही हजारांत असतं.

आज फतेहगंजच्या बाजूला एका सेव-उसळवाल्या भाईंनी फोटो हातात घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही. "आ तो लंगडी," ते म्हणाले. त्यांची गोष्ट अशी: मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर शिकायला आलेली एक मुलगी भाड्याने राहायची. गाडीखाली आलेल्या कुत्रीला तिने दवाखान्यात नेलं, मैत्रिणींकडून पैसे जमवले, घरमालक कटकट करत असताना खोलीत ठेवलं. बरी झाल्यावरही कुत्री रात्री वर जायची, दिवसा लारीपाशी. गेल्या उन्हाळ्यात मुलीचं शिक्षण संपलं, ती आपल्या गावी गेली. जाताना त्यांना काही पैसे देऊन गेली, हिला रोज घालत जा म्हणून. "पैसे तो क्यारना पती गया," ते म्हणाले, पैसे केव्हाच संपले, पण त्यांनी घालणं थांबवलं नव्हतं. पुरात त्यांची लारीच वाहून गेली. परत आले तेव्हा कुत्री नव्हती. त्यांनी धरून चाललं की गेली.

मी विचारलं, कुठला पाय? त्यांनी उजव्या मांडीवर हात मारला.

बुंदीचा डावा आहे. मी काही बोलले नाही. मग विचारलं, काय खायची? "पाव. पण इथे नाही खायची. घेऊन त्या भिंतीपाशी जायची, पाठ करून, हातात धरून." त्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवलं.

समोरून पाहणाऱ्याला डावं-उजवं उलट आठवू शकतं. कदाचित ही दुसरीच कुत्री असेल. "लोकांनी सांगितलं" या रकान्यात सगळं जसंच्या तसं उतरवलं आहे, उजव्या पायासकट.

30 मार्च, पाडवा

भाईंना मुलीचा नंबर माहीत नाही, पण तिच्याबरोबर शिकणारा एक मुलगा अजून त्यांच्याकडे खायला येतो. सकाळी गुढी उभारून, आईचा श्रीखंडाचा डबा त्यांच्यासाठी घेऊन गेले. मुलगा आला होता.

आई काल रात्री विचारत होती, ती न्यायला आली तर? मी म्हटलं, आली तर बसू, बोलू, बुंदी काय करते ते पाहू. आई म्हणाली, "येऊ दे. एवढं जिने केलं तिला आपण दार कसं लावणार?" पुढे ती खाटेखाली वाकून बुंदीशी काहीतरी बोलत बसली.

मेसेज मीच लिहिला, हिंदीत, मुलाने पाठवला. ऑपरेशन कधी झालं, पिन काढायला कधी सांगितली होती, पिल्लं नसबंदीआधी झाली ना, ती कुणी नेली, लहानपणी आजारी असताना ती तुमच्याकडे होती का की त्याआधी आणखी कुणी होतं, आणि तुम्ही तिला काय म्हणून हाक मारायचा, हे सगळं विचारलं. पण सगळ्यात वर, पहिल्या ओळीत लिहिलं की ही तुमचीच असेल तर ती पुरातून वाचली आहे. लांबच्या गावात बसून जर ती मुलगी सात महिने तिला मेलेली समजत असेल, तर आधी हे कळायला हवं, प्रश्न मग.

फोटोंमध्ये चेहरा, शेपटीचं पांढरं टोक आणि एक्स-रे जोडला आहे. ऑपरेशननंतरची फिल्म तिने पाहिली असेल तर पिनचं तिरकं कापलेलं टोक ती ओळखेल, आणि पाय डावा की उजवा हेही तिथेच ठरेल.